उचलीचा हिशेब

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागांतील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. कोणी बैलगाडीसह, कोणी ट्रॅक्टरने साखर कारखान्यांच्या वाटेस लागतो. मुकादमाशी ठरलेला व्यवहार बहुधा तोंडी असतो. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल घेतली जाते व हंगामभराची टनावारी मजुरी तिच्यात वळती होते. पतिपत्नींची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मोळी पत्नीच्या डोक्यावर, हिशेब पतीच्या नावावर! समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. कोयत्याच्या हिशेबात मात्र तिचा वाटा वेगळा दिसत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे काम टोळी निघण्यापूर्वीच हाती घ्यावे. उचल किती व कोणत्या दिवशी दिली, टनाचा दर काय, आजारपणाचा खाडा पडल्यास किती कापणार, हे दोन प्रतींत लिहवून घ्यावे. एक प्रत पत्नीपाशी राहावी. ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलला जातो, तेव्हा तोडणारा फडातच असतो. म्हणून वजनपावतीची नोंद रोजच्या रोज मागावी.

टोळ्या 'खुशाली' मागतात, ही बागायतदारांची तक्रार खोटी नव्हे. तथापि फडात पिण्याचे पाणी व लेकरांसाठी सावली पुरविणे त्यांच्याच हाती आहे.

उचल घेऊन मजूर पळाल्याची फिर्याद मुकादम करतो, तेव्हाही हाच कागद उपयोगी पडतो. त्याची बाकी खरी असली, तरी तिच्यापोटी माणसास अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.