ग्रह बसत नाहीत, घडतात

पत्रिकेत अमुक ग्रह अमुक घरात ‘बसला’ आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो घडला कसा, हे मात्र क्वचितच कोणी सांगितले.

तारा जन्मतो तेव्हा उरलेला वायू आणि धूळ त्याच्याभोवती तबकडीसारखी फिरत राहते. धुळीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे खडे होतात. खरी अडचण इथून पुढे आहे. वायू खड्यांपेक्षा किंचित हळू फिरतो. त्यामुळे खड्यांना समोरून वारा लागतो, त्यांचा वेग घटतो आणि ते ताऱ्याकडे घसरतात. पृथ्वीएवढ्या अंतरावरचा मीटरभर दगड काहीशे वर्षांतच ताऱ्यात जाऊन पडेल! मग आपली पृथ्वी झालीच कशी? बहुधा अशी: वायूचा दाब जिथे जास्त, तिथे खडे अडकतात, दाटी होते आणि त्यांच्याच गुरुत्वाकर्षणाने मोठे गोळे तयार होतात.

शिवाय वेळ थोडा. काही दशलक्ष वर्षांत वायू विरून जातो. ज्या शनीची एवढी भीती घातली जाते, त्यालाही त्याआधीच आपला वायू गोळा करावा लागला.

२०१४ मध्ये चिलीतील अल्मा दुर्बिणीने सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूरच्या एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याची तबकडी टिपली. तिच्यात चकाकती कडी आणि काळे पट्टे होते. हे पट्टे घडत्या ग्रहांनी कोरले असावेत. पीडीएस ७० या ताऱ्याभोवती तर २०१८ मध्ये घडता ग्रहच दिसला, २०१९ मध्ये दुसरा. त्या दुसऱ्याभोवती स्वतःची धुळीची तबकडी आहे. तिच्यातून चंद्र घडू शकतात.