खाड्याचीही नोंद

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी नववे व्रत सामायिकाचे. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, सावद्य व्यवहार थांबवून समभावात स्थिर बसायचे. स्थानकात बेटका अंथरून शांतपणे बसलेली वडीलधारी मंडळी पाहतच आपली मुले वाढतात; त्यामुळे हे काम सोपे असावे, असा त्यांचा समज होतो. पुण्यातील वसतिगृहात राहून सी.ए.चा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याचाही तसाच समज होता.

तालुक्याच्या गावी त्याच्या घरचे भुसार मालाचे दुकान. जुलैच्या निकालात इंटरमीडिएटचा एक ग्रुप राहिला आणि मन खचले. पर्युषणात प्रवचन ऐकून त्याने उत्साहाच्या भरात रोज एक सामायिक करण्याचा नियम घेतला. आत एक गुप्त सौदाही होता : नियम पाळला की ग्रुप सुटेल. पर्वाचे आठ दिवस निर्विघ्न पार पडले. पुढे पहाटेचा क्लास, रात्रीची जागरणे सुरू झाली. दोन दिवस चुकले. ‘नियम मोडलाच आहे, आता काय उपयोग?’ असे म्हणून तिसऱ्या दिवसापासून त्याने बसणेच सोडले.

खरी अडचण पुढेच होती. गावाहून दादी रोज रात्री फोनवर विचारीत, “आज सामायिक झालं का रे?” तो उत्तर देई, “हो दादी, झालं.” ऐंशी ओलांडलेल्या दादींची दृष्टी अधू झाली होती आणि दुखण्यामुळे बैठक मोडली होती. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींपैकी आपल्या वाट्याला आता अनुमोदनाच उरली, असे त्या म्हणत. नातवाचा होकार ऐकून त्या हात जोडीत आणि मगच फोन ठेवीत.

दिवाळीत तो घरी गेला. वहीपूजनाच्या वेळी वडील नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढीत होते. खोट्या जमेची सल त्याला तेथे असह्य झाली. पूजन आटोपल्यावर त्याने दादींजवळ बसून सारे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मी रिकाम्या पेटीची अनुमोदना केली.” आणि थोड्या वेळाने, “तुझ्या आजोबांच्या दुकानातही मंदीचे दिवस आले. त्या दिवशी रोजमेळात ते ‘विक्री नाही’ असं लिहीत, पण खोटी जमा त्यांनी कधी मांडली नाही. तूही खाडा पडला तर खाडाच लिही. मलाही तेच सांग.” निघताना त्यांनी त्याच्या हाती एक लहान लाल वही दिली.

दादींचा सल्ला शास्त्राला धरूनच होता. सामायिकाचे पाच अतिचार सांगितले आहेत : मन, वचन आणि काया यांचे दुष्प्रणिधान, सामायिकाचे विस्मरण, आणि ते अनवस्थितपणे, म्हणजे कसेतरी, अनियमित करणे. मन भटकणार, वेळ चुकणार, हे पूर्वाचार्यांनी ओळखले होते. म्हणूनच अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा पायऱ्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या. अतिचाराने व्रत मलिन होते. आलोचनेने ते पुन्हा शुद्ध करता येते. मात्र आलोचनेसाठी आधी दोषाची नोंद हवी. नोंद लपविली की मार्गच खुंटतो.

पुण्यात परतल्यावर त्याने ४८ मिनिटांचा हट्ट धरला नाही. सकाळी मोबाइल हाती घेण्यापूर्वी लोगस्सचा एक काउसग्ग, म्हणजे परंपरेने २५ श्वासोच्छ्वास, एवढाच नेम ठेवला. जागा तीच, खिडकीजवळची, वेळही तीच. इतक्या अल्प काळाच्या बैठकीला सामायिक म्हणता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. वहीत तो नुसते ‘बैठक’ असे लिही.

तीन आठवड्यांनी त्याने आनुपूर्वीचे एक कोष्टक जोडले. नवकाराच्या पहिल्या पाच पदांना १ ते ५ आकडे. २० कोष्टके, प्रत्येकात ६ ओळी. पाच पदांचे १२० क्रम होतात, हे गणित त्याने अभ्यासक्रमात शिकलेलेच होते. त्याचा असा उपयोग मात्र नवा होता. पाठ झालेला नवकार ओठांवर चालू असताना मन सहज परीक्षेच्या पेपरकडे धावे. येथे क्रम प्रत्येक ओळीत बदलतो. लक्ष सुटले की चूक लगेच ध्यानात येते. मन कितीदा निसटते, हे त्याला प्रथमच दिसले. मग हळूहळू कोष्टके वाढली, दहा मिनिटांची एक घटिका झाली आणि माघ महिन्यापासून दर रविवारी विधिपूर्वक पूर्ण सामायिक होऊ लागले.

नव्या वर्षाच्या पाडव्यापासून महावीर जयंतीपर्यंतच्या १६० दिवसांत वहीत १९ खाडे आहेत. पहिल्या महिन्यात ९, दुसऱ्यात ५. त्यानंतर क्वचित एखादा. एकाही खाड्यावर नंतर शाई फिरवलेली नाही.

राहिलेल्या ग्रुपची परीक्षा मे महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते अभ्यासावर अवलंबून. पूर्वीचा सौदा त्याने मनातून काढून टाकला आहे. राजा श्रेणिक पुणिया श्रावकाचे एक सामायिक विकत घ्यायला निघाला, तेव्हा सारे राज्यही त्याच्या मोलाला पुरे पडले नाही, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. जे विकत घेता येत नाही, ते देऊन दुसरे काही विकत घेता येईल, हीही भाबडी आशाच. सामायिकाने लाभतो तो समभाव. आणि अपयशाचा निकाल हाती आला असता त्याचीच गरज अधिक असते.

दादींचा फोन आजही रोज येतो. परवा त्याने सांगितले, “दादी, आज खाडा.” त्या म्हणाल्या, “बरं. लिहिलंस ना? उद्या बस.” आणि नेहमीप्रमाणे हात जोडून त्यांनी फोन ठेवला.