केमोनंतर चढणारी साखर
केमोच्या वेळी डेक्सामेथासोन देतात. उलट्या आणि ॲलर्जी रोखायला ते लागतं, साखरेच्या धास्तीने परस्पर बंद करू नये. पण हे स्टेरॉइड यकृताला जास्त साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं. सकाळी घेतलं, तर साखर चढते दुपारनंतर. उपाशीपोटीचा आकडा मात्र साळसूदपणे ११० दाखवतो आणि घरचे निर्धास्त! त्या दिवसांत ग्लुकोमीटरसाठी बोट टोचायचं ते दुपारी जेवल्यावर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी. रक्त चढवलं असेल, तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसीही फसवतं. स्टेरॉइड थांबल्यावर, चढलेल्या साखरेसाठी वाढवलेलं इन्सुलिन डॉक्टरांना विचारून वेळीच कमी करावं लागतं. नाहीतर, त्यात जेवणही जात नसेल तर, साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात.