उचल घेण्यापूर्वी

कपिलधार आपल्या बीड तालुक्यात आहे. डोंगरात धबधबा आहे. तिथंच मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. लांबून दिंड्या येतात. पण त्याच सुमारास जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर कितीतरी घरांना कुलूप असते. घरची माणसं ऊस तोडायला गेलेली असतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी पुणे-सातारा भागात, तर कोणी कर्नाटकात बेळगावकडे.

ही माणसं कामाला कशी लागतात? हंगामाच्या आधी मुकादम गावात येतो. तो उचल देतो. उचल म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेले पैसे. नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि त्या कोयत्याची उचल ठरते. त्या पैशातून कोणाच्या मुलीचं लग्न होतं, कोणाचं जुनं देणं फिटतं. पैसे आधी खर्च होतात, काम मागून करायचं असतं. म्हणून उचल घेण्याच्या दिवशीच सावध राहायला हवं.

आपण एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेऊ. उचल 50,000 रुपये. टनाला दर 350 रुपये. जोडीने दिवसाला 2 टन ऊस तोडला, तर दिवसाची मजुरी 700 रुपये झाली. म्हणजे उचल फिटायला 72 दिवस लागतील. आता समजा, आजारपणात 15 खाडे पडले आणि दर खाड्याला 500 रुपये कापले. ते झाले 7,500 रुपये. ते फेडायला आणखी 11 दिवस राबावं लागेल! हे कोणी लिहून ठेवलं नाही, तर मुकादम सांगेल तोच हिशेब खरा ठरतो.

खाड्याच्या भीतीनं बाया दुखणं अंगावर काढतात. 2019 साली सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाड्याची किंमत नुसती रुपयांत मोजता येत नाही, ती अशी.

मजुरी बुडाली किंवा फडात अपघात झाला, तर जबाबदार कोण? कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी नुसता आणून देणारा. मजूर मध्येच लटकतो.

फिलिपिन्स नावाचा एक देश आहे. तिथली लाखो माणसं समुद्रापार कामाला जातात. त्या देशानं 1995 साली कायदा केला. परवाना नसताना माणसं गोळा करणं हा तिथं गुन्हा आहे. मजुरी बुडाली, तर माणूस नेणारा आणि परदेशातला मालक, दोघंही जबाबदार. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवून चालत नाही.

आपल्याकडेही कायदे आहेत. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी 1979 साली कायदा झाला होता. आता त्याच्या जागी 2020 ची संहिता आली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ठेकेदारानं मजुरी बुडवली, तर ती मुख्य मालकानं द्यावी, असं ती सांगते. जिथं परराज्यातले दहा किंवा जास्त मजूर आहेत, तिथं मालकानं त्यांना जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा आहे. पण हा प्रवासखर्चाचा नियम कर्नाटकात जाणाऱ्याला लागू पडतो. बीडहून सांगलीला जाणारा राज्यातच राहतो, त्याला तो लागू नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

1976 चा वेठबिगारी बंद करणारा कायदा मात्र सगळीकडे लागू आहे. उचल फिटली नाही म्हणून माणसाला कोंडून ठेवणं, जबरीनं राबवून घेणं, हा गुन्हा आहे. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे करता येते.

राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही आहे. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहे सुरू झाली आहेत. आईबाप फडात गेले, तरी मूल शाळेत राहू शकतं. ग्रामसेवकाला भेटून ऊसतोड मजूर म्हणून आपली नोंद झाली का, ते विचारावं.

कायदा कागदावर असतो. आपला हिशेबही कागदावर असला, तरच दोघांची गाठ पडते. म्हणून एक साधी वही करावी. तिच्यात मुकादमाचं नाव आणि कारखान्याचं नाव लिहावं. उचल किती, दर किती, खाड्याला किती कापणार, हे लिहून मुकादमाची सही घ्यावी. रोज किती टन ऊस गेला, ते संध्याकाळी मांडावं. काट्याची पावती जपून ठेवावी. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

एकट्यानं मागितलं तर मुकादम हसेल, 'दुसरा कोयता बघतो' म्हणेल. सगळ्या टोळीनं मिळून मागितलं तर त्याला ऐकावं लागतं. संप आणि बोलणी करूनच 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. तुमच्या टोळीत लिहिता येणारं कोणी नसेल, तर ते काम आता तुम्ही घ्या. तुम्हाला हा धडा वाचता आला, म्हणजे वही लिहिणंही जमेल.