पाटीवर कुणाचं नाव?

जामनेरहून पहूरला येऊन महामार्गाला लागलं की एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला छत्रपती संभाजीनगर. वाटेत नेरी आहे, वाकोद, फर्दापूर, सिल्लोड आहे. मग दिशादर्शक पाटीवर बसायचं कुणी?

इथं मान गावाला नसतो, वाचणाऱ्याच्या डोळ्याला असतो. ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तेवढ्या घाईत दोन-तीनच नावं वाचून होतात. म्हणून एक नाव लांबचं, परमुलखातल्या ट्रकवाल्यालाही ठाऊक असलेलं. दुसरं जवळचं, पुढच्या फाट्याचं. आणि लांबचं नाव एकदा लिहिलं की ते शहर येईपर्यंत पुढच्या पाट्यांवरही हवं. मध्येच गायब झालं, की चालक चहाच्या टपरीवर विचारपूस करतो! अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांसाठी अशा शहरांची यादीच ठरलेली आहे. आपल्याकडे पाट्यांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी 67’ या संहितेत आहेत.

अजिंठ्याचं गणित निराळं. गाव लहान, पण लेण्यांपायी जगाच्या तोंडी. त्याला पाटीवरून कोण हटवणार?

कागदावरच्या क्रमांकांपेक्षा लोकांच्या तोंडातली नावं चिवट असतात. जळगावचा ‘हायवे नंबर सहा’ 2010 च्या फेररचनेत 53 झाला, तरी जुन्या लोकांच्या तोंडी सहाच. धुळ्यातला आग्रा रोड तर अजून आग्र्याचंच नाव सांगतो. त्या रस्त्यानं आग्र्याला निघालेला माणूस मात्र क्वचितच भेटेल.