वाऱ्याच्या भरवशावर जगणारी बेटं

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलेल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वारा पडला की घाई कामाची नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले. त्याच बाजूला, केनियाच्या उत्तर किनाऱ्यावर, लामू नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथे मोटारबोटी आल्या आहेत, पण शीड अजून उतरलेलं नाही. लहान मच्छीमाराचं घर आजही त्यावरच चालतं.

लामूचं विमानतळ शेजारच्या मांडा बेटावर आहे. त्यामुळे विमानाने आलेल्या पाहुण्यालाही गावात शिरताना होडीत बसावंच लागतं. गाव प्रवाळाच्या दगडाचं आणि कांदळवनातल्या वाशांचं. गल्ल्या इतक्या अरुंद की ओझं वाहायला गाढवंच कामी येतात. 2001 मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इथले बहुतेक लोक मुसलमान आहेत. अजान झाली की गल्लीगल्लीतून माणसं मशिदीकडे निघतात. रबिउल अव्वलमध्ये इथे मीलाद मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. त्यासाठी दूरदूरच्या बेटांवरून लोक येतात आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतीही लागतात.

इथली भाषा स्वाहिली, पण आपल्या कानाला ती फार परकी वाटत नाही. समुद्राला ते ‘बहारी’ म्हणतात, बंदराला ‘बंदारी’, दुकानाला ‘दुका’, मोठ्या शिडाच्या होडीला ‘जहाझी’. होडीच्या कप्तानाला शब्द आहे ‘नाहोधा’. आपला ‘नाखवा’ आणि हा ‘नाहोधा’ दोन्ही फारसी ‘नाखुदा’चीच लेकरं. हे शब्द वाऱ्याने इकडून तिकडे नेले. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून ‘कास्काझी’ वाहतो. त्यावर अरबस्तानाची आणि गुजरातची गलबतं आफ्रिकेला पोहोचत. एप्रिलनंतर दक्षिणेकडून ‘कुसी’ सुरू झाला की ती परत निघत. वारा फिरेपर्यंत थांबणं भाग होतं. त्या थांबण्यातून ओळखी झाल्या, सोयरिकी जुळल्या, मशिदी उभ्या राहिल्या.

लामूहून पुढच्या बेटांवर जायचं तर वाऱ्याबरोबर भरतीचंही गणित जमावं लागतं. कांदळवनातून जाणारी खाडी ओहोटीला उथळ होते आणि होडी चिखलात बसते. सुमारे 1812 मध्ये पाटे आणि मोंबासाच्या फौजा लामूवर चालून आल्या. शेलाच्या वाळूवर त्यांचा पराभव झाला. पळायची वेळ आली तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि त्यांच्या होड्या कोरड्या वाळूवर पडल्या होत्या, असं तिथे सांगतात. भरतीची वेळ चुकली, लढाई गेली.

याच पाटे बेटावर मवाना कुपोना ही कवयित्री जन्मली. सियूच्या शेखशी तिचा निकाह झाला होता. 1858 मध्ये, आजारी असताना, तिने आपल्या लेकीसाठी एक दीर्घ काव्य लिहिलं. अरबी लिपीत, स्वाहिली भाषेत. दीन कसा सांभाळावा, संसार कसा करावा, लोकांशी कसं वागावं, हे आईने मुलीला दिलेलं शिकवण्याचं शेवटचं देणं. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी स्वाहिली साहित्यात त्या काव्याचा मान कायम आहे. लहानशा बेटावरच्या एका आईचे शब्द इतके दूर गेले.

आता या बेटांसमोर वेगळंच वादळ उभं आहे. मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर मोठं नवं बंदर बांधलं जात आहे. 2021 मध्ये त्याचा पहिला धक्का सुरू झाला. बंदरासाठी समुद्राचा तळ उपसला गेला, कांदळवनं तुटली. कांदळवन म्हणजे माशांच्या पिल्लांचा पाळणाच. शिडाची लहान होडी घेऊन खोल समुद्रात जाता येत नाही, मग जवळचं पाणी गेलं तर जायचं कुठे? मच्छीमार कोर्टात गेले. 2018 मध्ये मालिंदीच्या उच्च न्यायालयाने सुमारे 4,600 मच्छीमारांना 1.76 अब्ज केनियन शिलिंग भरपाई देण्याचा निकाल दिला. बंदराने रोजगार येईल, असं सरकार म्हणतं. येईलही. पण पैसे एकदा मिळतात, मासळी रोज लागते.

तरीही इथल्या सुतारांचा हात थांबलेला नाही. किनाऱ्यावर आणि गावांत पडलेला सुमारे दहा टन प्लास्टिकचा कचरा वितळवून त्यांनी पारंपरिक पद्धतीची शिडाची होडी बांधली. 2019 च्या सुरुवातीला ती लामूहून झांझिबारपर्यंत शिडावर गेली. वाटेत थांबेल तिथे ती समुद्र स्वच्छ ठेवण्याचा निरोप देत गेली. बापजाद्यांची कला नव्या संकटावर अशीही उपयोगी पडते.

आपल्या कोकणातही नाखव्यांची घरं आहेत. शीड बांधता येणारे, वाऱ्याची नावं सांगणारे आजोबा अजून काही वाड्यांत असतील. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि एकच विचारा: आजोबा, वारा फिरलाय हे तुम्हाला कसं कळतं? उत्तर ऐकून ठेवा. ते त्यांच्यासोबतच निघून गेलं, तर कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.