‘क्लोज द फॅन’मागची मराठी

मराठीत दार बंद होतं, पंखा बंद होतो, शाळा बंद असते आणि घड्याळ बंद पडतं. एकटा ‘बंद’ इतकी कामं निभावतो. म्हणून ‘क्लोज द फॅन’ म्हणणारं मूल चुकतं खरं, पण मराठीशी इमान राखून चुकतं. इंग्रजीत उघडं दार, पुस्तक, डोळे मिटले की ‘क्लोज’. विजेवर चालणारं थांबवायचं तर ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’. हा भेद त्याला कुणी सांगितलेला नसतो. वहीत उमटते फक्त लाल रेघ, आणि तिच्यामुळे मूल इंग्रजीला घाबरतं एवढंच.

परीक्षेचा मामला तर थेट उलटा. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक ती घेतात. इंग्रजीत शिक्षक ‘गिव्ह’ करतात, विद्यार्थी ‘टेक’ करतो.

सगळ्यात जपून वापरावा असा शब्द म्हणजे ‘डाउट’. वर्गात हात वर करून ‘सर, शंका आहे’ म्हणणारी मुलं शिक्षकांना आवडतात. न कळलेलं तेही शंका आणि मनात आलेला संशय तोही शंका. इंग्रजी ‘डाउट’चा कल मात्र संशयाकडे, अविश्वासाकडे. विचारायची असते फक्त तारीख, आणि आपण परदेशी सहकाऱ्याला लिहितो, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर प्लॅन’. त्याला वाटतं, माझी योजनाच यांना पटलेली नाही. तिथे साधा ‘क्वेश्चन’ हवा. व्याकरणाची चूक समोरचा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. इथे व्याकरण चोख असतं, म्हणूनच गैरसमज पक्का होतो.

‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ येतो आपल्या ‘विषयी’तून. ‘डिस्कस’ला तो लागत नाही. ‘डिस्कशन’ला लागतो, तिथेच गफलत होते.

पण ‘प्रीपोन’ खोडायला माझा हात धजत नाही. 1913 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका वाचकाच्या पत्रात हा शब्द सुचवलेला आढळतो. तो रुजला मात्र आपल्याकडे. आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. गुरुवारची बैठक बुधवारी घ्यायची, हे सांगायला इतका नेमका शब्द दुसरा नाही. पत्र लंडनला जाणार असेल, तर तेवढ्यापुरतं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावं आणि बुधवारची तारीखही घालावी.